राजकीय उपरोध, इंग्लंडमधील : जुना व आधुनिक

सत्ताधारी व्यक्ती, पक्ष, राज्यसंस्था किंवा शासनाची धोरणे यांतील दोष उपहास, वक्रोक्ती, विडंबन वा अतिशयोक्ती यांच्या द्वारे उघडे करणाऱ्या लेखनास, चित्रास अथवा नाट्यप्रयोगास राजकीय उपरोध म्हणतात. केवळ करमणुकीसाठी केलेल्या विनोदात दोषदर्शनाचा हेतू नसतो आणि उघड निंदेत हास्य नसते; उपरोधात दोन्हींचा मेळ असावा लागतो. ‘सॅटायर’ या इंग्रजी संज्ञेचे मूळ ‘सातुरा’ या लॅटिन शब्दात असून त्याचा मूळ अर्थ नाना पदार्थांनी भरलेले ताट असा होता. सत्तेची थट्टा करण्याची प्रथा अर्थातच त्याहून जुनी आहे. ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनीस याने द नाइट्स (इ. स. पू. ४२४) या नाटकात अथेन्समधील प्रबळ लोकनेता क्लीऑन याची जाहीर टवाळी केली होती.

इंग्लंडमधील राजकीय उपरोधाचा अभ्यास विशेष उद्‌बोधक ठरतो. सु. तीन शतकांची अखंड परंपरा, तिला वेळोवेळी आवर घालणारे कायदे आणि ते कायदे निष्प्रभ करण्यासाठी उपरोधकारांनी योजिलेल्या युक्त्या या तिन्ही गोष्टी तेथे सलगपणे पाहावयास मिळतात. जुना उपरोध सभ्य व संयत होता आणि आधुनिक उपरोध मात्र बेताल झाला आहे, असा एक समज रूढ आहे. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धावरून बनलेला असून अठराव्या शतकाला मुळीच लागू पडत नाही. खरा फरक सभ्यतेचा नसून धोक्याचा आहे. उपरोधकाराला शिक्षेचे भय होते तेव्हा त्याने मुखवटा घातला. भय कमी झाले तसा मुखवटा गळून पडला. मात्र मुखवट्याबरोबर उपरोधाची धारही काही अंशी गेली काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस, जून १५९९ मध्ये, कँटरबरीचा आर्चबिशप व लंडनचा बिशप यांनी उपरोधपर काव्ये छापण्यास मनाई केली आणि काही पुस्तके जाळविली. सतराव्या शतकात जॉन ड्रायडन (१६३१–१७००) याने ॲब्सलम अँड अकिटफेल (१६८१) या काव्यात राजवारसाच्या वादावर भाष्य करताना बायबलमधील कथेचा आडपडदा घेतला. १६९५ मध्ये मुद्रणपरवान्याच्या कायद्याची मुदत संपली व तो पुन्हा केला गेला नाही. त्यामुळे ग्रंथ व वृत्तपत्रे यांची छपाईपूर्व तपासणी थांबली. राजद्रोही लेखनाबद्दल मागाहून खटला भरण्याचा सरकारचा अधिकार मात्र अबाधित राहिला. लिहिण्यास मोकळीक, पण लिहिल्यावर शिक्षेची टांगती तलवार, अशा या परिस्थितीत अठराव्या शतकातील इंग्रजी उपरोध बहरला.

त्यातील धोका डॅन्येल डीफो (सु. १६६०–१७३१) याच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. १७०२ च्या डिसेंबरात त्याने द शॉर्टेस्ट वे विथ द डिसेंटर्स हे पुस्तपत्र निनावी प्रसिद्ध केले. अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या पंथीयांचा नायनाट करावा, असे एखादा कडवा चर्चनिष्ठ सांगत आहे, असा त्याचा आविर्भाव होता. डीफो स्वतः त्या फुटीर पंथीयांपैकीच होता. आविर्भाव इतका हुबेहूब साधला, की काही चर्चनिष्ठांनी तो मजकूर खरा मानून त्याची वाखाणणी केली, तर फुटीर पंथीय हादरून गेले. खरा प्रकार कळल्यावर दोन्ही पक्ष संतापले. आपला हेतू सांगणारे स्पष्टीकरण डीफोला मागाहून छापावे लागले. त्याचा उपयोग झाला नाही. जुलै १७०३ मध्ये त्याला तीन दिवस ‘पिलरी’त, म्हणजे मान व हात अडकवून भर चौकात उभे करण्याच्या लाकडी चौकटीत, उभे करण्यात आले. शिवाय दंड व कैद झाली ती वेगळीच.

जॉनथन स्विफ्ट (१६६७–१७४५) याने मुखवट्याचा उपयोग याहून कौशल्याने केला. आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता विल्यम वुड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला देण्यात आला, तेव्हा १७२४-२५ मध्ये स्विफ्टने डब्लिनमधील एका कापडदुकानदाराच्या नावाने पत्रे प्रसिद्ध करून त्या नाण्यांवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले. चौथ्या पत्राचा लेखक शोधून देणाऱ्यास सरकारने ३०० पौंडांचे बक्षीस लावले. लेखक कोण हे डब्लिनमध्ये बहुतेकांना ठाऊक होते. बक्षीस घेण्यास कोणीही पुढे आला नाही. मुद्रकाला अटक झाली, पण पंचांनी आरोप दाखल करून घेण्यास नकार दिला आणि १७२५ मध्ये मक्ताच रद्द झाला. राजकीय उपरोधाने शासनाला प्रत्यक्ष माघार घ्यावयास लावल्याची जी थोडी उदाहरणे आढळतात, त्यांत याची गणना करावी लागते.

पुढच्याच वर्षी निघालेले गलिव्हर्स ट्रॅव्हल्स (१७२६) हे पुस्तकही निनावी होते. त्यातील लिलिपुट देशात दोरीवर नाचण्याची कसरत करणाऱ्यांना राज्यातील पदे मिळतात व काठीखालून सरपटणाऱ्यांना रंगीत रेशमी दोरे बक्षीस मिळतात. दोरीवरील सर्वांत तरबेज खजिनदार म्हणजे त्या वेळचा प्रमुख मंत्री रॉबर्ट वॉलपोल (१६७६–१७४५) होय, हे वाचकांना सांगावे लागत नव्हते. पहिल्या आवृत्तीत दोऱ्यांचे रंग बदलण्यात आले होते, कारण मूळचे निळा, तांबडा व हिरवा हे रंग प्रत्यक्षातील राजसन्मानांच्या फितींचे होते. वुडच्या नाण्यांविरुद्धच्या चळवळीचे रूपक असलेला तिसऱ्या भागातील एक मजकूर तर १८९९ पर्यंत छापलाच गेला नाही. अ मॉडेस्ट प्रपोजल (१७२९, म. शी. एक विनम्र सूचना) या पुस्तपत्रात स्विफ्टने व्यक्तीला सोडून व्यवस्थेलाच हात घातला. गरिबांची मुले खाण्यासाठी विकावीत, असा प्रस्ताव एक सुविद्य अर्थतज्ज्ञ नफातोट्याचे आकडे मांडून शांतपणे करतो, अशी ही कल्पना आहे. जमीनदारांची पिळवणूक आणि माणसांचा केवळ आकड्यांनी विचार करणारी प्रशासकीय वृत्ती हे तिचे लक्ष्य आहे. जुना उपरोध व्यक्तीवर व आधुनिक उपरोध व्यवस्थेवर, ही सोयीची विभागणी या एका पुस्तपत्राने मोडीत निघते.

रंगभूमीवरील उपरोधाची हकीकत वेगळी आहे. जॉन गे (१६८५–१७३२) याच्या द बेगर्स ऑपेरा (१७२८) या संगीतिकेत चोर-दरोडेखोर व मंत्री यांच्यात फारसा फरक नसल्याचे सूचित केले होते. पहिल्याच हंगामात तिचे ६२ प्रयोग झाले. तिच्या पॉली या उत्तरभागाच्या प्रयोगावर मात्र बंदी आली. हेन्री फील्डिंग (१७०७–५४) याने त्यापुढे जाऊन वॉलपोलच्या लाचखोरीवर उघड प्रहसने रचली. परिणामी १७३७ मध्ये पार्लमेंटने नाट्यपरवान्याचा कायदा संमत केला. प्रत्येक नवे नाटक प्रयोगापूर्वी ‘लॉर्ड चेंबरलेन’ या राजदरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घेणे त्याने बंधनकारक झाले. फील्डिंगने रंगभूमी सोडली, वकिलीचा अभ्यास केला आणि तो कादंबरीकडे वळला. कादंबरीला या कायद्याचा लाभ झाला असे काही टीकाकार म्हणतात. नाटकाचे मात्र त्यामुळे मोठे नुकसान झाले. छापील शब्दाला जे चालत होते ते रंगमंचावर चालत नव्हते आणि ही विषमता २३१ वर्षे टिकली.

चित्रांना मात्र असे पूर्वपरीक्षण नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील मुद्राचित्रांच्या दुकानांच्या काचांमागे नवी व्यंगचित्रे लागत व ती पाहण्यास रस्त्यात गर्दी जमे. जेम्स गिलरे (१७५६–१८१५) हा त्यांतील श्रेष्ठ चित्रकार होय. राजा तिसरा जॉर्ज, पंतप्रधान धाकटा पिट, विरोधी नेता फॉक्स, युवराज यांपैकी कोणीही त्याच्या तडाख्यातून सुटला नाही. त्यांची शरीरे, व्यसने, कर्जे, शय्यागृहे, इतकेच नव्हे तर त्यांचे मलमूत्रविसर्जनही त्याने चितारले. विसाव्या शतकातील दूरचित्रवाणीने जे दाखविण्यास संकोच केला असता, ते तेव्हा दुकानाच्या काचेत उघड टांगलेले असे. खटला भरणे सरकारला अडचणीचे होते. चित्रातील फुगीर पोटाचा पुरुष म्हणजे अमुक थोर व्यक्ती होय, असे सरकारी वकिलालाच न्यायालयात सिद्ध करावे लागले असते. म्हणून कायद्याऐवजी पैशाचा वापर होई. १७९६ मध्ये एका चित्रापायी गिलरेवर आरोप आला, तो पुढे सोडून देण्यात आला आणि १७९७ पासून त्याला सरकारकडून गुप्तपणे वार्षिक वेतन मिळू लागले. १८२० मध्ये चौथ्या जॉर्जचे अश्लाघ्य चित्र काढणार नाही, या हमीबद्दल जॉर्ज क्रूकशँक (१७९२–१८७८) याला १०० पौंड देण्यात आले.

न्यायालयातील हास्य शासनाला किती महाग पडते, हे विल्यम होन (१७८०–१८४२) याच्यावरील खटल्यांत दिसून आले. धर्मप्रश्नोत्तरी, सामुदायिक प्रार्थना व श्रद्धावचन यांच्या धर्तीवर मंत्र्यांची थट्टा करणारी तीन विडंबने त्याने प्रकाशित केली होती. सरकारने राजद्रोहाऐवजी धर्मनिंदेचा आरोप ठेवला. १८, १९ व २० डिसेंबर १८१७ या लागोपाठच्या तीन दिवशी तीन स्वतंत्र खटले चालले. वकील देण्याची ऐपत नसल्याने होनने आपली बाजू स्वतःच मांडली. धर्मवचनांची विडंबने पूर्वीही अनेकांनी केली असून त्यांना कोणी शिक्षा केली नाही, हे दाखविण्यासाठी त्याने जुनी विडंबने तासन्‌तास वाचून दाखविली. त्यांत मार्टिन ल्यूथरचे नाव होते, तसेच त्या वेळी मंत्रिमंडळात असलेल्या व हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष असलेल्या जॉर्ज कॅनिंगचेही होते. सरकारपक्षाने आरोपाचा भाग म्हणून होनची विडंबने वाचली, तेव्हा श्रोत्यांत हशा पिकला आणि तो दाबणे न्यायाधीशांना शक्य झाले नाही. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी स्वतः सरन्यायाधीश एलनबरो न्यायासनावर होता. तरीही तिन्ही खटल्यांत ज्यूरीने होनला निर्दोष ठरविले. बदनामीच्या खटल्यात ज्यूरीला संपूर्ण निर्णय देण्याचा अधिकार १७९२ च्या कायद्याने मिळाला होता. तो नसता, तर निकाल बहुधा वेगळा लागला असता. दोन वर्षांनी होन व क्रूकशँक यांनी मिळून काढलेल्या द पोलिटिकल हाउस दॅट जॅक बिल्ट (१८१९) या बालगीताच्या धर्तीवरील पुस्तपत्राच्या पन्नासाहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

यानंतर उपरोध सौम्य झाला. १८४१ मध्ये सुरू झालेले पंच हे साप्ताहिक प्रारंभी जहाल होते, पण लवकरच ते मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बैठकीत ठेवण्याजोगे बनले. जॉन टेनियलच्या रेखाटनात राजकारणी पुरुष रोमन वेशातील पुतळ्यांसारखे भारदस्त दिसतात. १८७३ मध्ये द हॅपी लँड या प्रहसनात नटांनी पंतप्रधान ग्लॅडस्टन व त्याचे दोन सहकारी यांच्यासारखी रंगभूषा केली, तेव्हा लॉर्ड चेंबरलेनने प्रयोग थांबविला. ती रंगभूषा वगळल्यावरच तो पुन्हा चालू झाला. जुन्या उपरोधाच्या संयमाबद्दल जे बोलले जाते, ते या काळाचे आहे.

पंच हे नाव याच काळात हिंदुस्थानात आले. मुंबईत पारसी पंच व त्याचेच पुढील रूप हिंदी पंच, लखनौमध्ये अवध पंच (१८७७) ही त्याची ठळक उदाहरणे होत. कायदेही आले : १८७० मध्ये भारतीय दंडसंहितेत राजद्रोहाचे १२४-अ हे कलम दाखल झाले आणि १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांच्या नियंत्रणाचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये मुखवट्याची गरज ओसरली असता महाराष्ट्रात ती नव्याने निर्माण झाली. शि. म. परांजपे यांनी काळ (१८९८) या साप्ताहिकात वक्रोक्तीला राजकीय शस्त्राचे रूप दिले. परक्या राज्याची स्तुती करीत असल्याचा देखावा करून ते तिचा नेमका उलट अर्थ वाचकाच्या मनात उतरवीत. अशा लेखनाचे भाषांतर करून त्यातील गुन्हा दाखविणे सोपे नव्हते, पण १९०८ मध्ये परांजप्यांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. कृ. प्र. खाडिलकरांच्या कीचकवध (१९०७) या नाटकात महाभारताच्या आडून लॉर्ड कर्झनच्या राजवटीवर रोख धरला होता. ते उपरोधाचे नाटक नव्हे. परंतु त्याचा मुखवटा ड्रायडनच्याच जातीचा होता. १९१० मध्ये त्यावर बंदी आली.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चित्रमय उपरोधाला पुन्हा धार आणली, ती न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या डेव्हिड लो (१८९१–१९६३) याने. शंकर, आर. के. लक्ष्मण व बाळ ठाकरे या भारतीय व्यंगचित्रकारांवर त्याच्या रेषेचा प्रभाव पडला. हिटलर व मुसोलिनी यांना त्याने भयानक न दाखविता हास्यास्पद दाखविले आणि नेमके तेच त्यांना झोंबले. १९३७ मध्ये जर्मनीला जाऊन आलेल्या लॉर्ड हॅलिफॅक्सने हात आवरता घेण्याबद्दल लोकडे शब्द टाकला. येथे ना खटला होता ना बंदी. होती ती केवळ विनंती. लोने काही काळ ती मानली आणि मग दोन्ही हुकूमशहांच्या मिश्रणातून एक नवेच पात्र तयार केले. मुखवट्याचा हा उपयोग जुन्या उपरोधकारांना ओळखीचा वाटला असता. जॉर्ज ऑर्वेलच्या ॲनिमल फार्म (१९४५) या प्राणिकथेलाही युद्धातील दोस्त राष्ट्राची टीका नको म्हणून अनेक प्रकाशकांनी नकार दिला होता.

आधुनिक उपरोधाचा निश्चित आरंभ १९६० नंतरच्या दशकात झाला. बियाँड द फ्रिंज (१९६०) या चौघांच्या कार्यक्रमात पीटर कुक हा विद्यमान पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन याची नक्कल करी. एकदा स्वतः मॅकमिलन प्रेक्षकांत बसला असता कुकने पदरचे टोमणे जोडून त्याला लक्ष्य केले. १९६१ मध्ये प्रायव्हेट आय हे पाक्षिक निघाले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये बीबीसीने दॅट वॉज द वीक दॅट वॉज ही साप्ताहिक मालिका दूरचित्रवाणीवर सुरू केली. संबंधित मंत्री तिच्यावर कारवाई करण्याच्या विचारात असता मॅकमिलनने त्याला तसे न करण्यास कळविले. आपल्याला कोणी हसावे हे दुर्लक्षिले जाण्यापेक्षा बरे, असे त्याचे म्हणणे होते. १८२० मधील १०० पौंडांपेक्षा ही युक्ती स्वस्त आणि बहुधा अधिक परिणामकारक म्हणावी लागेल. १९६४ हे निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण देऊन बीबीसीनेच १९६३ च्या अखेरीस मालिका बंद केली. १९६८ च्या कायद्याने लॉर्ड चेंबरलेनचे नाट्यपरीक्षण संपुष्टात आले. मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात मात्र नाट्यसंहितांच्या पूर्वपरीक्षणाची पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली.

स्पिटिंग इमेज (१९८४–९६) या मालिकेतील रबरी बाहुल्या रूपाने व वृत्तीने गिलरेच्या थेट वारस होत. तिच्यात उदारमतवादी नेता डेव्हिड स्टील याला सहकारी नेत्याच्या खिशातील चिमुकला बाहुला म्हणून दाखवीत आणि त्यामुळे आपली प्रतिमा खालावली, असे स्टीलचे मत होते. उलट काही राजकारण्यांना आपली बाहुली तेथे असणे हे मोठेपणाचे लक्षण वाटू लागले. येस मिनिस्टर (१९८०–८४) या मालिकेचा रोख व्यक्तींवर नसून मंत्र्याला गोड शब्दांत निष्प्रभ करणाऱ्या नोकरशाहीवर होता. तिच्या चाहत्यांत स्वतः पंतप्रधान मार्गारेट थॅचर असून १९८४ मध्ये त्यांनी त्यातील पात्रांसह एक छोटा प्रवेशही सादर केला. ज्याच्यावर बाण सोडावयाचा तोच टाळ्या वाजवू लागला, तर उपरोधकाराने काय करावे, ही अडचण स्विफ्टला कधी आली नव्हती.

म्हणून आधुनिक उपरोधकाराला धोकाच उरला नाही, असे मात्र नाही. तो तुरुंगाऐवजी नुकसानभरपाईच्या रूपाने येतो. १९७६ मध्ये उद्योगपती जेम्स गोल्डस्मिथ याने प्रायव्हेट आयवर फौजदारी बदनामीची कारवाई आरंभिली, ती पुढे तडजोडीने मिटली. १९८९ मध्ये याच पाक्षिकाविरुद्ध एका खटल्यात ज्यूरीने सहा लाख पौंड भरपाई ठरविली. अपिलात ती पुष्कळ खाली आली. हाउस ऑफ कॉमन्सच्या कामकाजाचे दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपण १९८९ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यातील दृश्ये उपरोधपर कार्यक्रमांत वापरू नयेत, अशी अट घालण्यात आली. राजद्रोही लेखनाचा जुना गुन्हा इंग्लंडमध्ये २००९ च्या कायद्याने रद्द झाला. त्याच मुळातून आलेल्या भारतीय कलमाखाली २०१२ मध्ये मुंबईत एका व्यंगचित्रकाराला अटक झाली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा वापर स्थगित केला आणि २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता अमलात येऊन त्याची जागा निराळ्या शब्दांतील नव्या कलमाने घेतली.

टिकाऊपणाच्या दृष्टीने पाहता जुन्या उपरोधाला मुखवट्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. वॉलपोल कोण होता हे ठाऊक नसलेला वाचकही दोरीवरील नाचाला हसतो, कारण रूपकाला संदर्भापलीकडे स्वतःचे आयुष्य असते. नाव घेऊन केलेली साप्ताहिक थट्टा मात्र त्या आठवड्याबरोबर संपते आणि दॅट वॉज द वीक दॅट वॉजमधील पुष्कळ मजकूर आता तळटीपांशिवाय कळत नाही. उलट तिचा तत्काळ परिणाम मोठा असतो. गिलरेचे रंगीत चित्र विकत घेणारे थोडे असत, तर स्पिटिंग इमेजच्या प्रेक्षकांची संख्या लाखांनी मोजली जाई.

संगणकाने तयार केलेल्या हुबेहूब प्रतिमांमुळे मुखवट्याचा प्रश्न अलीकडे नव्या रूपात पुढे आला आहे. २५ डिसेंबर २०२० रोजी चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीने राणी दुसरी एलिझाबेथ हिचा अशा रीतीने बनविलेला नाताळसंदेश दाखविला. तो उपरोध होता, तसाच बनावट प्रतिमांबद्दलचा इशाराही होता. प्रेक्षकांकडून तक्रारी आल्या. डीफोला आपले स्पष्टीकरण मागाहून वेगळे छापावे लागले होते; येथे ते कार्यक्रमातच गुंफले होते. अखेरीस राणीची प्रतिमा विरते आणि तिच्या जागी तिचा आवाज काढणारी नटी बसलेली दिसते.